इशाऱ्याचे ऋण

रस्त्यावरील चिन्हांचा विचार करताना चिन्हमीमांसक बहुधा सस्यूरप्रणीत यादृच्छिकतेपाशी थांबतो: वर्तुळ म्हणजे आज्ञा, त्रिकोण म्हणजे इशारा, हे नाते निसर्गदत्त नसून संकेतजन्य आहे. हे मान्यच आहे. परंतु संकेत समजणे आणि त्याने बांधले जाणे या भिन्न गोष्टी होत. चिन्ह नेमके कोणाला बांधते, हा प्रश्न नीतिविचाराचा आहे.

अंबरनाथचे शिवमंदिर (इ. स. १०६०) शिलाहारकालीन आहे. त्याच राजवटीतील गद्धेगाळ कोकणात आढळतात: माथ्यावर चंद्रसूर्य, मध्ये दानलेख, खाली शापाचे शिल्प. निरक्षरालाही जरब बसावी अशी ही योजना. चित्राने आज्ञा करणाऱ्या आजच्या फलकाचा तो पूर्वजच म्हणावा लागेल. मात्र त्यावरील शाप दान मोडणाऱ्या कोणालाही उद्देशून असतो. पुढे गादीवर येणारा राजाही त्यातून सुटत नाही.

अंबरनाथलगतचे उल्हासनगर १९४९ मध्ये सिंधमधील निर्वासितांसाठी वसवले गेले. अरबी वळणाची सिंधी वाचणारे आणि देवनागरी वाचणारे एकाच रस्त्यावर आले, तेव्हा शब्दाविना बोलणारे चित्र हीच समान भाषा ठरते. १९६८ च्या व्हिएन्ना करारामागेही हीच लिपिनिरपेक्षतेची अपेक्षा आहे. पण सर्वांना कळणारे चिन्ह सर्वांना सारखेच बांधते काय?

मोटार वाहन कायद्याचे (१९८८) ११६ वे कलम शासनाला चिन्हे उभारण्याचा अधिकार देते. ११९ वे कलम चालकावर आज्ञार्थक चिन्हे पाळण्याचे कर्तव्य लादते. एकाकडे अधिकार, दुसऱ्याकडे कर्तव्य. कल्याण–बदलापूर मार्गासारख्या गजबजलेल्या रस्त्यावर शाळेचा त्रिकोण उभा राहतो, तेव्हा तो केवळ इशारा नसतो. येथे मुले रस्ता ओलांडतात हे आपणास ठाऊक आहे, अशी ती शासनाची कबुलीही असते.

इशारा मिळाल्यावर चालक स्वतंत्र आहे, सबब दोष त्याचाच, असा आक्षेप येईल. तो चालकापुरता खरा आहे. परंतु फलक चालकाशी बोलतो आणि मुलाविषयी बोलतो; ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे तो या संभाषणात तृतीयपुरुषी राहतो. त्याच्याशी असलेले नाते चालकाच्या सावधपणाने फिटत नाही. पदपथ, गतिरोधक, ओलांडण्याची सुरक्षित जागा यांची जबाबदारी कबुली देणाऱ्यावर उरतेच.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९८ अ हे कलम रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरणाला व कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. चिन्ह उभारणाराही बांधला जावा, या गद्धेगाळावरील जुन्या जाणिवेकडे कायदा उशिरा का होईना वळला आहे. मात्र अपघातानंतरचा दंड म्हणजे इशाऱ्याच्या वेळी स्वीकारलेले ऋण फेडणे नव्हे.