घरी असणाऱ्या बाईचा हिशेब

लोट्याला महामार्गावर सकाळी उभे राहिले की औद्योगिक वसाहतीकडे वळणाऱ्या गाड्या दिसतात. रासायनिक कारखाने आले तशी इथली कमाई पगारात मोजली जाऊ लागली. त्याआधी आमच्या कोकणी मुस्लिम घरांत ती मुंबईच्या मनीऑर्डरीत मोजली जाई, पुढे आखातातून येणाऱ्या ड्राफ्टात. मोजमाप बदलले, पण एक उत्तर बदलले नाही. घरातल्या बाईविषयी कुणी विचारले की आम्ही सांगतो, "ती काही करत नाही, घरीच असते."

ही घरी असणारी बाई लावणीला वाकते, आमसुले उन्हात घालते, सासू-सासऱ्यांचे दुखणेखुपणे काढते, पोरांना शाळेत आणि मदरशात धाडते. नवरा परदेशी असला की तलाठ्यापासून बँकेपर्यंत सारे तिच्याच अंगावर. ती हे सांभाळते म्हणून तो तिकडे निर्धास्त कमावतो. मग त्या कमाईत तिचा वाटा नाही, हे कोणत्या न्यायाने?

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देते, असे काम करणारा पुरुष 88 मिनिटे. 2001 च्या जनगणनेने गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत बसवले होते. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले. तो खटला अपघातात मेलेल्या एका गृहिणीच्या नुकसानभरपाईचा होता. म्हणजे तिच्या श्रमाची किंमत ठरली, ती तिच्या मरणानंतर!

हजरत खदीजा व्यापार करीत, हे आम्ही व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. सूरह निसाने स्त्रीच्या कमाईवर तिचा हक्क मानला, मालमत्ता थोडी असो वा फार, वारशात तिचा हिस्सा ठरवून दिला. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा का, हा वाद बाजूला ठेवू. तो निम्मा तरी आम्ही देतो का? 1937 च्या शरियत कायद्याने शेतजमिनीचा प्रश्न कक्षेबाहेर ठेवला. उरलेले काम हक्कसोडपत्र करते. बाप गेला की बहिणीपुढे कागद येतो, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. आम्ही त्याला राजीखुशी म्हणतो. पण नकार दिला तर माहेर जाणार असेल, तर त्या होकाराला राजीखुशी कसे म्हणावे?

लग्नात खर्च केला, अडीअडचणीला भाऊच धावतो, असे आम्ही म्हणतो. ते खरेही आहे. पण उपकार करून हक्क फिटत नाही. मेहेरचेही तसेच. आयुष्यभर दिला नाही, आणि जनाजा उठण्यापूर्वी विधवेकडून माफ करून घेतला, ही कसली माफी?

1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली. शेतकऱ्यांनी आपणहून पत्नीच्या नावे जमीन करावी, असे ते आवाहन होते. आमच्याकडे तर त्याहून जुना आदेश आहे. मेहेर हयातीत द्यावा, बहिणीचे नाव सातबाऱ्यावर राहू द्यावे, आखाताच्या पैशातून बांधलेल्या घरावर पत्नीचेही नाव लावावे. यासाठी कुणा मौलवीची वा सरकारची परवानगी लागत नाही. आमची नियत तेवढी लागते.