सुखाची लाज

दुःखाविषयी आपली माणसे मोकळेपणी बोलतात. दुखणेबाणे, नापिकी, मुलीचे न जमणारे लग्न, या साऱ्यांची ओट्यावर बसून सविस्तर चर्चा होते. पण दोन दिवस कुठे मजेत घालवले, चांगलेचुंगले खाल्ले, हे सांगायची वेळ आली की आपला आवाज आपोआप खाली येतो आणि मागोमाग सबब येते : ‘पोरांनी फारच आग्रह धरला, म्हणून गेलो.’ ही सबब मीही सांगितली आहे. ती का सांगावी लागली, याचा विचार करताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांतील कितीतरी मराठी घरांतला एखादा मुलगा वा मुलगी आज पुण्याला किंवा हैदराबादेला नोकरीस आहे. माझा पुतण्या पुण्यात आहे. आठवड्याचे पाच दिवस तो संगणकापुढे मान मोडून काम करतो आणि शुक्रवारी संध्याकाळी गाडीत दोन पिशव्या टाकून बायकोमुलांसह बाहेर पडतो. चांगल्या जागी राहायचे, चांगले जेवायचे आणि रविवारी रात्री परतायचे, ही त्याच्या पिढीची रीत झाली आहे. आमच्या पिढीला बाहेर जेवणे ही गरज होती. खानावळ (हा शब्द आपल्या भागातील कन्नडनेही ‘खानावळी’ म्हणून आपलासा केला आहे) ही घरापासून दूर पडलेल्या विद्यार्थ्याची आणि बदलीवरच्या कारकुनाची जागा. तिथल्या पहिल्या घासाला घरची आठवण यायची. आता भरले घर मागे ठेवून माणसे जेवायला बाहेर पडतात, हे समजून घ्यायला मला वेळ लागला.

एका जानेवारीत पुतण्याने आम्हा दोघांना नाशिकला नेले. पंचवटी झाली, त्र्यंबकेश्वर झाले. तिसरे ठिकाण मात्र आमच्या यादीत नव्हते. ती एक वायनरी होती.

नाशिकची ही ओळख फार जुनी नाही. महाराष्ट्रात आधुनिक पद्धतीने वाइन करण्याचा मोठा प्रयत्न १९८०च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला केला. अमेरिकेत शिकून परतलेल्या राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन नाशिकहून २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. पुढे नुसती बाटली न विकता लोकांनी मळ्यात यावे, चाखावे, जेवावे, मुक्काम करावा, असा धंदाच उभा राहिला. आपल्या बाजूला, सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळही इटालियन भागीदारांसह असे मळे उभे राहिले आहेत.

मळा पाहताना मी रमलो, हे कबूल केले पाहिजे. वाइनची द्राक्षे आपल्या खाण्याच्या द्राक्षांसारखी नसतात. ती लहान, जाड सालीची आणि बियांची. वेलाची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. जानेवारी ते मार्च ही तोडणीची वेळ. सुरगाणा, पेठ या भागांतून आलेले आदिवासी मजूर नाशिककडच्या द्राक्षबागांत राबतात. आत पोलादी टाक्या होत्या आणि ओकच्या लाकडाची पिंपे होती. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, यीस्ट द्राक्षातली साखर खाते आणि तिचे मद्यार्क होते. सौ. मला हळूच म्हणाली, ‘म्हणजे आंबवायचंच ना? आपल्या आंबिलीगत!’ त्या मुलीला ते ऐकू गेले आणि तीही हसली.

मग आम्ही जेवायला बसलो. समोर मळ्यावर ऊन उतरत होते. पुतण्याने माझ्यापुढे एक लहान पेला ठेवला होता. मी एक घोट घेतला. चव आंबट-तुरट होती, मला विशेष आवडली नाही. तेवढ्यात ताट घेऊन आलेला तरुण थबकला. ‘सर, तुमी? इकडं कसं काय?’

तो माझा विद्यार्थी होता, कारंजा नदीच्या काठच्या एका गावचा. माझा हात नकळत पुढे झाला आणि मी तो पेला पाण्याच्या जगाआड सरकवला. त्याच क्षणी त्याने खांद्यावरचा रुमाल काढून मुठीत लपवला. आम्ही दोघेही शरमलो होतो. एवढ्या सुंदर जागी, कोणाचे काही न चोरता, दोन माणसांना एकमेकांसमोर लाज का वाटावी, हा प्रश्न मी तेव्हापासून वागवतो आहे.

आधी माझ्या लाजेकडे पाहू. तिच्यात लोकलाज होतीच. हेडमास्तर पेला घेऊन बसले होते, ही बातमी भालकीला पोचायला किती वेळ लागतो! पण ती सगळीच लोकलाज नव्हती. व्यसनमुक्तीची शपथ मी मुलांना दरवर्षी देतो. बापाच्या दारूपायी ज्यांची नावे हजेरीपटावरून गळाली, अशी मुले मी पाहिली आहेत. वाइनमध्ये साधारण बारा-तेरा टक्के मद्यार्क असते. द्राक्षापासून झाली म्हणून ती दारू नव्हे, असे मी मुलांना सांगू शकत नाही.

तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायी बंद झाली. त्याच वर्षी कर्नाटकाने द्राक्षप्रक्रिया व वाइन यांना उत्तेजन देणारे धोरणही आणले. सारायीबंदी चुकली असे मी म्हणणार नाही; शेजारच्या आंध्रात १९९२ साली गरीब बायकांनीच सारायीविरुद्ध आंदोलन उभे केले होते, आणि त्यांचे दुःख खरे होते. पण शेतमजुराचे पाकीट हे व्यसन आणि ऐपतदाराचा पेला ही अभिरुची, असा भेद आपण किती सहज करतो! लोकलाज अशी माणूस पाहून बदलते, म्हणून तिला नीतीची कसोटी मानता येत नाही.

आता त्या मुलाच्या लाजेकडे. ती त्याला कोणी शिकवली? उत्तर देताना मला जड जाते, कारण ती मी शिकवली. ‘नीट अभ्यास कर, नाहीतर हॉटेलात कपबश्या विसळशील,’ हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा उच्चारले असेल. आणि हे कुठे? आमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर बसवण्णांचे कल्याण आहे. बाराव्या शतकात तिथल्या शरणांनी कायक म्हणजे श्रम हीच पूजा मानली. परीट मडिवाळ माचय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, चांभार हरळय्या ही त्या मंडळींतील आदराची नावे. दरवर्षी बसवजयंतीला मी त्यांच्यावर भाषण करतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कपबश्यांची भीती घालतो. तो मुलगा इमानाने काम करत होता. लाज त्याला वाटायचे काही कारण नव्हते, मला होते.

मग सुखच वाईट काय? तसे मला वाटत नाही. ज्याचे नाव सुखवादाशी कायमचे जोडले गेले त्या ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसवर विरोधकांनी खादाडपणाचे आरोप केले. प्रत्यक्षात तो भाकरी आणि पाणी यांवर समाधान मानी. अथेन्समधल्या त्याच्या बागेत स्त्रिया आणि गुलाम यांनाही मित्रमंडळीत जागा होती. काय खातो यापेक्षा कोणाबरोबर खातो, याला त्याच्या लेखी अधिक मोल होते. आपले तैत्तिरीय उपनिषदही अन्नाची निंदा करू नये, भरपूर अन्न मिळवावे, असेच सांगते. मात्र त्याच दमात, आसऱ्याला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, असेही बजावते. दोन्हीकडे चवीला दोष नाही. पंगतीत कोण आहे आणि कोण बाहेर राहिले, एवढीच चौकशी आहे.

ती चौकशी मला त्या दिवशी जेवता जेवता करावी लागली. मी त्या मुलाला बस म्हणालो. तो कसा बसणार! उभ्या उभ्याच थोडे बोलणे झाले.

‘सुट्टी कधी असते?’

‘मंगळवारी, सर. शनिवार-रविवार नसती. ह्या दोन दिवसांवरच तर समदं चालतंय.’

‘येळवशीला गावाकडं गेला होतास का?’

‘कुठलं, सर! डिसेंबर-जानेवारीत रजाच नसती. यंदा भज्जी बेस झालती का, सर?’

आपल्याकडील वाचकांना येळवस सांगायला नको. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या पट्ट्यात गावेच्या गावे शिवारात उतरतात. मराठी घर असो की कन्नड, आंबील तीच आणि भज्जी तीच. कडब्याच्या कोपीत पूजा होते, पिकावर आंबील शिंपडतात, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून पानावर बसवतात. शनिवार-रविवारची सहल हा आधुनिक शोध आहे असे आपण समजतो, पण घराबाहेर पडून, जिथे पिकते तिथेच जाऊन चवीने जेवण्याचा दिवस आपल्या पंचांगात आधीपासून आहे. पुतण्या नाशिकला ज्या ओढीने जातो, ती ओढ मुळात आपलीच आहे.

येळवशीचे गोडवे गाताना मात्र हात राखून गायले पाहिजेत. आदल्या रात्री बायका जागतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुरुष शिवारात ढेकर देतात. सालगडी मालकाच्या पंक्तीला बसत नसे, आणि काही जातींची पाने दूर बांधाकडेला मांडली जात, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. वायनरीत पैसे मोजणाऱ्याची जात तरी कोणी विचारत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

तरी एक फरक उरतोच. येळवशीला दुकानदार, गडी, मास्तर, सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी असते. नाशिकला माझा रविवार त्या मुलाच्या नसलेल्या रविवारावर उभा होता. माझ्या दोन दिवसांच्या विश्रांतीसाठी कोणीतरी आपली येळवस सोडली होती, आणि ते मला कळलेही नसते, जर तो माझा विद्यार्थी नसता. अनोळखी असता तर मी ताट आवडल्याचे सांगून निघालो असतो. सुखाला दोष लागतो तो मला वाटते इथे. ज्याच्या कष्टावर ते उभे असते तो माणूस आपल्याला दिसेनासा होतो. माणूस दिसत राहिला तर तेच सुख निर्मळ होऊ शकते. निदान लपवावे तरी लागत नाही.

म्हणून पुतण्याने पुन्हा बोलावले तर मी जाईन, आणि परतल्यावर ‘पोरांनी आग्रह धरला’ असे सांगणार नाही. पेला माझ्यापुरता मी नाकारीन, तोही लपवून नव्हे, सरळ. वाढणाऱ्याचे नाव विचारीन, गाव विचारीन, त्याची सुट्टी कोणत्या वारी असते ते विचारीन. याने त्याला रविवार मिळणार नाही, हे मला कळते. पण निदान त्याचा रविवार मी घेतला आहे, हे मला ठाऊक असेल.

आणि कपबश्यांचे ते वाक्य मी वर्गात सोडले आहे. त्याच्या जागी मुलांना काय सांगावे, हे मात्र अजून नीटसे सुचलेले नाही.