देहाचा नित्यनेम

'उद्यापासून' हा शब्द दिसायला मोठा निरुपद्रवी आहे. राखेच्या बुधवारी तो आपल्या ओठांवर असतो, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी असतो, आणि रक्तातील साखरेचा अहवाल हाती घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तर तो हमखास असतो. उद्यापासून चालायला जायचे, उद्यापासून सूर्यनमस्कार घालायचे, उद्यापासून सायकल बाहेर काढायची! निश्चयात खोट नसते, बोलणारा ढोंगीही नसतो. तरीही तो उद्या उजाडत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. आम्हांला मात्र तो नीतिशास्त्राचा वाटू लागला आहे, आणि त्यास एक प्रसंग कारण झाला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढातील रात्र होती. धर्मग्रामातील एक वृद्ध माता अत्यवस्थ असून त्यांना ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची इच्छा आहे, असा निरोप आला. आम्ही तत्काळ निघालो. इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर आम्हांला धाप लागली. तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कठड्याला धरून पायरीवर बसावे लागले. शेजारच्या बिऱ्हाडातून कोणी पंखा आणला, कोणी पाणी आणले. आम्ही वर पोहोचलो तेव्हा मातेची शुद्ध हरपली होती. आम्ही तैलाभ्यंग केले, प्रार्थना म्हटल्या. पण त्यांनी जे मागितले होते ते त्यांच्या ओठांपर्यंत पोहोचू शकले नाही. पहाटे त्या गेल्या. त्यांच्या मुलाने आमचा हात हाती घेऊन म्हटले, "फादर, आमच्यामुळे तुम्हांला फार त्रास झाला."

त्या वाक्याने आम्हांला अनेक रात्री झोप लागू दिली नाही. पायरीवर गेलेल्या त्या सात-आठ मिनिटांनी काही फरक पडला असता की नाही, हे परमेश्वर जाणे. परंतु त्याआधी दोन वर्षे डॉक्टर आम्हांला रोज चालावयास सांगत होते, आणि दोन वर्षे आम्ही 'उद्यापासून' म्हणत होतो, हे मात्र आम्ही जाणत होतो.

ज्याला चांगले काय ते कळले तो वाईट करणारच नाही, असे सॉक्रेटिसाचे मत होते. अॅरिस्टॉटलला ते पटले नाही. कळत असूनही न वळणारा माणूस त्याने आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागात बारकाईने तपासला आहे. संत पौलाने तर रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आपलीच कैफियत मांडली: जे करावेसे वाटते ते हातून होत नाही, आणि जे नकोसे वाटते तेच घडते. म्हणजे व्यायामाचे फायदे ठाऊक नसणे, ही आपली अडचण नव्हेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम स्वरूपाची हालचाल सांगितली. दिवसाला बावीस मिनिटेसुद्धा पूर्ण होत नाहीत. एवढा वेळ नाही, असे प्रामाणिकपणे कोण म्हणू शकेल?

त्याच अॅरिस्टॉटलचा एक विचार आम्हांला या प्रसंगानंतर फार बोचला. तो म्हणतो, जन्मतः दुर्बल असलेल्यास कोणी दोष देत नाही. व्यायामाच्या अभावाने आणि हेळसांडीने ज्याने देह बिघडवला त्यास मात्र देतात. हातातून सुटलेला धोंडा परत बोलावता येत नाही, पण तो फेकणे न फेकणे हाती होते. या विचाराने एक मर्यादाही आखून दिली आहे, ती विसरू नये. जो अंथरुणाला खिळला आहे, जिचा दिवस दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करण्यात जातो, ज्याची पाळी रात्री सुटते, त्यांना व्यायामाचा उपदेश करणे हा अविचार होय. आमचे हे बोलणे आमच्यासारख्यांशी आहे, ज्यांच्यापाशी पाय आहेत, वेळ आहे आणि सबबीही आहेत.

आमची आवडती सबब आध्यात्मिक होती. शारीरिक व्यायाम थोडक्यापुरता उपयोगी आहे, असे तिमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितले आहे ना! पण 'थोडका' म्हणजे 'शून्य' नव्हे, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो. देहाला 'बंधू गाढव' म्हणून राबवणाऱ्या असिसीकर संत फ्रान्सिसनेही अखेरच्या दिवसांत आपण या बंधूशी फार कठोरपणे वागलो, अशी कबुली दिल्याचे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याने देहाला उपासाने शिणवले, आम्ही खुर्चीने शिणवले. अन्याय दोन्हींत आहे, फक्त आमच्या बाजूला तपश्चर्येचे पुण्यही नाही.

मग त्या रात्रीनंतर आम्ही लगेच सुधारलो काय? नाही, आणि खरा बोध येथेच आहे. पश्चात्तापाच्या भरात आम्ही महागडे बूट आणले आणि पहिल्याच दिवशी तासभर चाललो. चार दिवस चाललो. पाचव्या दिवशी पाय भरून आले, सहाव्या दिवशी मुसळधार पाऊस, सातव्या दिवशी अंत्यविधी. गणपतीच्या सुमारास खोका उघडून पाहिला तेव्हा बुटांवर हिरवी बुरशी चढली होती. एवढ्या मोठ्या दुःखातून उपजलेली प्रेरणाही आठवडाभर टिकली नाही, म्हणून आम्ही अंतर्मुख झालो. प्रेरणा कमी पडली असे म्हणावे, तर याहून मोठी प्रेरणा आणावयाची कोठून?

तेव्हा आम्हांला गुरुविद्यालयातील दिवस आठवले. तेथे सायंकाळी पाच वाजता घंटा होई आणि आम्ही सारे मैदानावर जात असू. कोणाला फुटबॉल आवडे, कोणाला मुळीच आवडत नसे. कोणाचा लॅटिनचा पेपर बिघडलेला असे, कोणाला घरची आठवण येत असे. तरी घंटा झाली की पाय मैदानाकडे वळत. 'आज खेळण्याची प्रेरणा आहे काय?' असे त्या वर्षांत कोणी कोणाला विचारले नाही. गुरुदीक्षा झाली, घंटा मागे राहिली, आणि तिच्याबरोबर मैदानही. ती शिस्त आमच्या अंगी बाणली आहे, अशी आमची समजूत होती. खरे पाहता ती त्या घंटेत आणि त्या सोबत्यांत होती.

आमच्या वसईतील वडीलधाऱ्यांचेही असेच होते. पहाटे उठून केळीच्या बागेला पाणी लावणारा, भाजीच्या टोपल्या उचलणारा बागायतदार व्यायामाचा विचार करीत नव्हता. झाडांची तहान हीच त्याची घंटा होती. आज त्याचा नातू लोकलने चर्चगेटला जातो आणि आठ तास खुर्चीत बसतो. नातू आजोबांपेक्षा आळशी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. त्याला हाक मारणारे कोणी उरले नाही, इतकेच. १९५३ साली जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे त्यात दिसले. ते वाहक काही संकल्प करून जिने चढत नव्हते. ते तिकिटे देत होते. ज्याच्या कामातून जिना गेला, त्याला तो आता जाणूनबुजून शोधावा लागतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, प्रेरणेची वाट पाहू नये, आपली घंटा आपण बांधावी. प्रेरणा हे बहुधा नेमाचे फळ असते. आपण ते बीज समजून हुडकीत बसतो. घर बांधता बांधता माणूस गवंडी होतो आणि न्यायाने वागता वागता न्यायी, हेही अॅरिस्टॉटलनेच सांगून ठेवले आहे. चालता चालताच चालण्याची इच्छा उपजते. संत इग्नाशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या १५४८ साली छापल्या गेलेल्या ग्रंथाच्या आरंभीच चालणे, फिरणे, धावणे या देहाच्या व्यायामांची उपमा घेतली आहे. साधकाला ते बजावतात की, मन रुक्ष झाले असता पूर्वीचा निश्चय बदलू नये. उलट प्रार्थनेचा तास आवरता घ्यावासा वाटला तर ठरल्या वेळेपेक्षा थोडे अधिकच थांबावे. ही युक्ती आम्ही मैदानावर आजमावली. दहा मिनिटांचा नेम पाचात संपवावासा वाटे त्या दिवशी आम्ही बारा मिनिटे चाललो. रुसलेले मन पुढच्या खेपेस फारसे हटून बसले नाही.

दुसऱ्या खेपेस आम्ही नेम मुद्दाम लहान ठेवला: सकाळच्या मिस्सानंतर, चहापूर्वी, चर्चच्या आवाराला दोन फेऱ्या. मिस्सा चुकत नाही, म्हणून तिच्या शेपटाला बांधलेल्या फेऱ्याही सहसा चुकत नाहीत. शिवाय सोबत मिळाली. आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त मास्तर मिस्सा आटोपल्यावर फाटकाशी उभे राहू लागले. ते उपदेश करीत नाहीत. आम्ही कोणाशी बोलत रेंगाळलो तर दुरून फक्त काठी वर करून दाखवतात. पावसात आम्ही शाळेच्या लांब व्हरांड्यात चालतो. कित्येक सकाळी आम्ही स्वतःसाठी चाललो नाही, मास्तर खोळंबतील म्हणून चाललो. त्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही. प्रभूने शिष्यांना दोघे दोघे करून पाठविले होते.

आणि नेम मोडतो त्याचे काय? मोडतोच. नाताळचा आठवडा येतो, ताप येतो, कंटाळाही येतो. लंडनमधील ९६ जणांच्या सवयींचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडण्यास त्यांना साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने घडत आलेली सवय मोडत नाही, असेही त्यात आढळले. हे वाचून आम्हांला पापनिवेदनाच्या कठड्यामागील आमचा अनुभव आठवला. माणसाला एका पतनाने तितकेसे दूर नेले जात नाही, जितके 'आता सगळेच बिघडले' या निराशेने नेले जाते. तेच पाप घेऊन दहाव्यांदा येणाऱ्यास आम्ही 'पुन्हा उठा' म्हणतो. मग व्यायाम चुकलेल्या स्वतःस तेवढी दया दाखवावयास काय हरकत आहे? दया म्हणजे सूट नव्हे. उद्या पुन्हा त्याच वेळी फाटकाशी हजर होणे, एवढाच तिचा अर्थ.

दोन फेऱ्यांच्या आता सहा झाल्या आहेत. आमचे वजन फारसे उतरलेले नाही, आणि औषधाच्या गोळ्याही चालू आहेत. व्यायामाने सर्व काही भरून येते, असे आम्ही सांगणार नाही. त्या मातेचे देणे तर फिटणारे नाहीच. परंतु गेल्या पावसाळ्यात त्याच इमारतीतून, त्याच चौथ्या मजल्यावरून, शेजारच्या दारातील एका आजोबांसाठी बोलावणे आले. तिसऱ्या मजल्यावर आम्ही क्षणभर थांबलो, श्वास घेतला आणि वर गेलो. आजोबा उशांना टेकून बसले होते. त्यांनी स्वतः हात जोडले, 'आमेन' म्हटले आणि ख्रिस्तशरीर स्वीकारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना आम्ही ही हकिगत सांगू लागलो. ते थांबले नाहीत. "फादर, चालता चालता सांगा," म्हणाले.