अपेक्षा आणि प्रतीक्षा : दीर्घकालीन चाहत्याच्या नैतिकतेविषयी

१

एखाद्या कलावंताच्या नव्या कृतीची वाट पाहणे ही आस्वादव्यवहारातील इतकी परिचित अवस्था आहे की समीक्षेने तिचा स्वतंत्र विचार फारसा केलेला दिसत नाही. आस्वादाची मीमांसा बहुधा कृती समोर आल्यानंतर सुरू होते. ती येण्यापूर्वी रसिक काय करीत असतो, हा प्रश्न मानसशास्त्राचा किंवा बाजारपेठेच्या अभ्यासाचा मानून सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखात असे सुचवायचे आहे की वाट पाहणे ही केवळ मनाची अवस्था नाही, ती नैतिक स्वरूपाची कृती आहे. रसिकाचे कलावंताशी असलेले नाते तिच्यात घडते किंवा बिघडते. विवेचनासाठी उदाहरणे रॉक संगीतातील घेतली आहेत. साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात ती काहींना अस्थानी वाटतील. परंतु एकाच कलावंतसमूहाशी तीच माणसे पन्नास-साठ वर्षे बांधलेली असणे ही घटना या क्षेत्रात जितकी ठळकपणे दिसते, तितकी ती साहित्यात क्वचितच दिसते.

‘द रोलिंग स्टोन्स’ हा बँड १९६२ साली लंडनमध्ये स्थापन झाला. ‘अ बिगर बँग’ हा त्यांचा अल्बम २००५ साली आला. त्यानंतर २०१६ मध्ये जुन्या ब्लूज रचनांचा एक अल्बम आणि मोजकी सुटी गीते, एवढा अपवाद वगळला तर स्वतःच्या नव्या रचनांचा संपूर्ण अल्बम यायला २०२३ साल उजाडले. ६ सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमधील हॅकनी एम्पायर या नाट्यगृहात त्याची घोषणा झाली आणि २० ऑक्टोबरला ‘हॅकनी डायमंड्स’ प्रसिद्ध झाला. मधली अठरा वर्षे रिकामी नव्हती. १९६३ पासून बँडचा ताल सांभाळणारे चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी निवर्तले. अल्बम आला तेव्हा मिक जॅगर ऐंशी वर्षांचे होते, कीथ रिचर्ड्स ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. एप्रिल २००३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर या बँडला प्रत्यक्ष ऐकलेला विशीतला श्रोताही आता चाळिशी ओलांडून गेला होता. प्रश्न असा की या अठरा वर्षांत चाहते नेमकी कशाची वाट पाहत होते?

२

या प्रश्नाला सिद्धांतव्यवहारात एक तयार उत्तर उपलब्ध आहे. हान्स रॉबर्ट याऊस यांनी १९६७ च्या कोन्स्टान्झ येथील व्याख्यानापासून ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना मांडली. वाचक कृतीकडे कोऱ्या मनाने येत नाही. पूर्वी वाचलेल्या कृतींनी, वाङ्मयप्रकाराच्या संकेतांनी आणि भाषेच्या सवयींनी त्याचे एक क्षितिज आधीच आखलेले असते. नवी कृती आणि हे क्षितिज यांच्यातील अंतर हे तिच्या कलात्मक मूल्याचे गमक ठरते. अंतर शून्य असेल तर कृती केवळ रंजनाच्या पातळीवर राहते.

ही मांडणी आपल्या उदाहरणाला लावली की एक अडचण जाणवते. याऊस यांचे क्षितिज मुख्यतः कृतींनी आणि संकेतांनी घडलेले आहे, ते व्यक्तिनिरपेक्ष आहे. दीर्घकालीन चाहत्याचे क्षितिज मात्र त्याच्या स्वतःच्या वयाने घडलेले असते. १९७२ चा ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ त्याला हवा असतो तो त्या अल्बमच्या शैलीसाठी नव्हे. तो प्रथम ऐकला तेव्हाची खोली, तेव्हाचे मित्र आणि तेव्हाचे स्वतःचे शरीर त्याला परत हवे असते. तो नव्या कृतीची वाट पाहतो असे म्हणतो, परंतु प्रत्यक्षात जुन्या स्वतःची वाट पाहत असतो.

अभिनवगुप्तांनी रसप्रतीतीच्या आड येणाऱ्या सात विघ्नांचे विवेचन केले आहे. त्यांपैकी ‘निजसुखादिविवशीभाव’ हे विघ्न येथे विशेष उपयुक्त ठरते. स्वतःच्या सुखदुःखाने विवश झालेले मन दुसऱ्या कशावर विश्रांत होऊ शकत नाही, असा त्याचा आशय आहे. अभिनवगुप्तांसमोर नाट्यगृहात येणारा प्रेक्षक होता. त्याच्या विवशतेवर गीत, वाद्य, मंडप यांचा उपाय होऊ शकत असे. आपल्यासमोरची अडचण अधिक बिकट आहे, कारण येथे ज्या गीताने विघ्न दूर व्हावे त्याच गीताने ते निर्माण केलेले आहे. चाहत्याचे निजसुख या बँडच्याच संगीतातून आलेले आहे. त्यामुळे आपण विवश आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही. आपण एकनिष्ठ आहोत, असेच त्याला वाटत राहते.

३

एकनिष्ठेतून हक्क निर्माण होतो का? चाहत्यांच्या बोलण्यात हा हक्क गृहीत धरलेला असतो. ‘आम्ही इतकी वर्षे थांबलो’ हे वाक्य वर वर वर्णनपर आहे, परंतु त्याचा उच्चार नेहमी आरोपाच्या स्वरात होतो. थांबलेल्या वर्षांचे येथे कर्जात रूपांतर होते आणि कलावंत ऋणको ठरतो.

‘गन्स एन्’ रोझेस’ या बँडचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सप्टेंबर १९९१ मध्ये त्यांचे नव्या रचनांचे दोन अल्बम एकाच दिवशी आले. त्यानंतरचा तसा अल्बम, ‘चायनीज डेमॉक्रसी’, नोव्हेंबर २००८ मध्ये आला. तोवर मूळ संचातील ॲक्सल रोझ वगळता सर्वजण बाहेर पडले होते. अल्बम २००८ संपण्यापूर्वी आला तर जवळजवळ प्रत्येक अमेरिकन माणसाला एक डबा फुकट देऊ, असे डॉक्टर पेपर या शीतपेयाच्या कंपनीने त्याच वर्षी जाहीर केले. प्रतीक्षेचा विनोद झाला होता, आणि विनोदाची जाहिरात. अल्बम आला तेव्हा त्यातील गीते ऐकण्यापेक्षा ती सतरा वर्षांच्या मोलाची आहेत की नाहीत, हे मोजण्याचे काम अधिक झाले. सतरा वर्षांची भरपाई करू शकेल असे कोणतेही संगीत असू शकत नाही. कारण ती वर्षे कोणी कोणाला दिलेली नव्हती. ती फक्त गेलेली होती.

तथापि चाहत्याच्या बाजूने एक आक्षेप गंभीरपणे विचारात घेतला पाहिजे. अपेक्षा त्याने आपणहून निर्माण केलेली नसते. घोषणा, मुलाखती, गुपित ठेवल्याचा देखावा करून सोडलेल्या खुणा, अशा साधनांनी ती पद्धतशीरपणे जागवली जाते आणि तिच्यावर व्यवसाय उभा राहतो. जो अपेक्षा विकतो त्याच्यावर ती पुरी करण्याची काहीच जबाबदारी नाही, असे म्हणता येणार नाही. ‘द क्युअर’ या इंग्लिश बँडचे गायक रॉबर्ट स्मिथ यांनी नवा अल्बम २०१९ मध्येच येईल असे सांगितले होते. ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ प्रत्यक्षात १ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे २००८ च्या अल्बमनंतर सोळा वर्षांनी आला. दिलेला शब्द पाळला गेला नाही, हे खरेच आहे.

येथे दोन प्रकारच्या कर्तव्यांत भेद करणे आवश्यक आहे. कलावंताने प्रामाणिक असावे, जे नाही ते आहे असे भासवू नये, ही चाहत्याची मागणी न्याय्य आहे. कलावंताने पूर्वीसारखे असावे, ही मागणी न्याय्य नाही. पहिली मागणी एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे करायची आहे, तर दुसरीत त्या व्यक्तीला वस्तू मानलेले आहे. स्मिथ यांचे आई, वडील आणि थोरला भाऊ या मधल्या काळात गेले. भावाविषयीचे एक गीत या अल्बममध्ये आहे. २०१९ मध्ये अल्बम आला असता तर तो कदाचित वेळेवर आला असता, पण तो हा अल्बम झाला नसता. विलंबाबद्दल तक्रार करणारा श्रोता आणि त्या विलंबातून घडलेले गाणे ऐकून हेलावणारा श्रोता एकच असू शकतो. त्याने आपल्या दोन भूमिकांपैकी कोणती खरी, हे स्वतःला विचारावयास हवे.

४

आपल्या भाषेत ‘ईक्ष्’ या धातूवरून आलेल्या काही शब्दांचा येथे एकत्र विचार करता येतो. अपेक्षा, प्रतीक्षा, उपेक्षा, परीक्षा, समीक्षा हे सर्व पाहण्याचे प्रकार आहेत. ‘सापेक्ष’ आणि ‘निरपेक्ष’ या शब्दांत अपेक्षेचा मूळचा अर्थ अजून जिवंत आहे : कशावर तरी अवलंबून असणे, कशाची तरी गरज असणे. अपेक्षा करणारा आपल्या गरजेतून पाहतो, तर ‘प्रती’क्षा करणारा कोणाच्या तरी दिशेने पाहतो. अपेक्षेला काय येणार हे ठाऊक असते, म्हणून तिचा भंग होऊ शकतो. प्रतीक्षेला कोण येणार एवढेच ठाऊक असते; जो येईल तो काय घेऊन येईल, हे ती ठरवीत नाही. हा भेद व्युत्पत्तीने सिद्ध होतो असा माझा दावा नाही. भाषेने दोन शब्द जवळजवळ ठेवले आहेत आणि अनुभवाने त्यांतील अंतर दाखवून दिले आहे, एवढेच.

या भेदाचा एक सैद्धांतिक परिणामही संभवतो. रोलां बार्थ यांच्या १९६७ च्या निबंधापासून लेखकाचा मृत्यू हे आपल्या चर्चाविश्वातील जवळजवळ गृहीतकच झाले आहे. अर्थनिर्णयाच्या संदर्भात त्याची उपयुक्तता मान्य करूनही म्हणावेसे वाटते की मृत लेखकाची प्रतीक्षा करता येत नाही. प्रतीक्षेत एक जिवंत, स्वतंत्र, म्हणूनच अनपेक्षित वागू शकणारा ‘दुसरा’ गृहीत असतो. सर्व काही आपल्या अपेक्षेप्रमाणेच यावे असे म्हणणारा चाहता बार्थ यांचे नावही न ऐकता लेखकाचा मृत्यू घडवून आणीत असतो.

यावर असे म्हटले जाईल की अपेक्षेपासून मुक्त असलेली शुद्ध प्रतीक्षा मनुष्याला शक्य नाही. हे खरे आहे, आणि ते इष्टही नाही. ज्याला काहीच आठवत नाही तो वाट पाहू शकत नाही. तो फक्त योगायोगाने भेटतो. ‘हॅकनी डायमंड्स’च्या अखेरीस जॅगर आणि रिचर्ड्स हे दोघेच मिळून मडी वॉटर्स यांची ती जुनी रचना सादर करतात, जिच्यावरून या बँडने आपले नाव घेतले. ज्याला १९६२ ठाऊक नाही त्याला ती एक साधी ब्लूज रचना वाटेल. ज्याला ते ठाऊक आहे त्याच्यासाठी त्या काही मिनिटांत एकसष्ट वर्षे गोळा होतात. स्मृती हे विघ्न आहे तसेच ते साधनही आहे. ती कृतीपुढे अट म्हणून ठेवली जाते की कृतीच्या स्वाधीन केली जाते, यावर सर्व अवलंबून आहे.

५

शेवटी स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. हा अल्बम प्रथम ऐकला तेव्हा मी तो ऐकत नव्हतो, तपासत होतो. दोन गीतांत चार्ली वॉट्स यांनी मृत्यूपूर्वी वाजवलेले ड्रम आहेत, उरलेल्यांत बहुतेक ठिकाणी स्टीव्ह जॉर्डन आहेत. वॉट्स कोठे आहेत हे मी कान देऊन शोधत राहिलो, आणि जेथे ते नव्हते तेथे काही कमी आहे असे नोंदवत गेलो. जॉर्डन काय वाजवीत होते हे पहिल्या दिवशी माझ्या कानावर पडले, पण ऐकले गेले नाही. समोर उपस्थित असलेल्या माणसाला मी अनुपस्थित माणसाच्या मापाने मोजले. ही परीक्षा होती. तिला मी समीक्षा समजत होतो, आणि तिच्यात एका कलावंताची उपेक्षा होत होती.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. भालचंद्र नेमाडे यांची ‘झूल’ १९७९ मध्ये आली आणि ‘हिंदू’ २०१० मध्ये. या एकतीस वर्षांत ‘हिंदू’विषयी जितके बोलले गेले, तितके फार थोड्या अप्रकाशित पुस्तकांविषयी बोलले गेले असेल. ती आल्यावर आपल्यापैकी कितीजणांनी ती वाचली आणि कितीजणांनी तिच्यात १९६३ ची ‘कोसला’ शोधली, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्यापुरते द्यावे. वर्गात उतारवयातील कवीचा संग्रह शिकवताना ‘पूर्वीची धार राहिली नाही’ असे आपण सहज बोलून जातो. त्या वाक्यात कवितेविषयी किती असते आणि आपल्या गेलेल्या तारुण्याविषयी किती, हे कधी वेगळे काढले जात नाही.

वृद्ध कलावंताला वृद्ध होऊ देणे हे रसिकाचे कर्तव्य आहे, असे मला वाटते. ते पार पाडणे अवघड आहे, कारण त्यासाठी आधी आपण स्वतः वृद्ध होत आहोत हे मान्य करावे लागते. ‘हॅकनी डायमंड्स’ हा लंडनच्या बोलीतला शब्द आहे. फोडलेल्या खिडकीच्या रस्त्यावर विखुरलेल्या काचांना तेथे असे म्हणतात. काच पुन्हा जोडली जावी अशी अपेक्षा धरून त्या रस्त्यावर उभे राहता येते. पडलेल्या तुकड्यांवर आता कोणता प्रकाश पडतो आहे, हेही पाहता येते. तिसऱ्या की चौथ्या वेळी अल्बम ऐकताना मला स्टीव्ह जॉर्डन ऐकू येऊ लागले. माझी प्रतीक्षा तेव्हा कुठे सुरू झाली, आणि तोवर अल्बम येऊन काही आठवडे लोटले होते.