सारवणाची पाळी

दिवाळी जवळ आली की घरोघर भिंती पोतारल्या जातात, अंगणे सारवली जातात. घर आपले असल्याची याहून साधी खूण कोणती? पण ज्या वास्तूत मूल दिवसाचे पाच-सहा तास काढते, त्या शाळेची भिंत कुणी पोतारावी?

या प्रश्नाला वर्धा जिल्ह्यात इतिहास आहे. वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण, हा विचार तेथे देशापुढे आला. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. पुढे शेगावी, म्हणजे १९४० पासूनच्या सेवाग्रामी, आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने तो प्रत्यक्षात आणला. सूतकताई आणि शेती यांच्याबरोबर सफाई हाही तेथे शिक्षणाचाच भाग होता.

वास्तूही त्या विचाराला साजेशी. गांधीजी १९३६ साली या गावी आले, तेव्हा आसपास मिळेल त्याच सामानातून घर उभारावे, असा त्यांचा आग्रह होता. मातीच्या भिंती, बांबू आणि वर कवेलू. अशा घराला दर पावसाळ्यानंतर माणसाचा हात लागतो. दगडी इमारत उभी राहिली की दात्याच्या नावाची पाटी लागते आणि बाकीचे निश्चिंत होतात. मातीची भिंत कुणालाच निश्चिंत होऊ देत नाही. ‘यंदा माझ्याकडे कोण पाहणार?’ असे ती दरसाल विचारते.

येथे मात्र सावध राहिले पाहिजे. गळक्या छपराला साधेपणा म्हणणे ही गरिबाची थट्टा आहे. स्वतः पत्करलेला साधेपणा निराळा आणि दुसऱ्यावर लादलेली हेळसांड निराळी. श्रमाचेही तसेच. आपल्याकडे झाडू शतकानुशतके ठराविक जातींच्या हाती आणि घरात बाईच्या हाती राहिला. शाळेतही केर काढायला मुलींनाच उठवले, किंवा विशिष्ट वस्तीतल्या मुलालाच हाक मारली, तर त्या श्रमातून मूल कोणता धडा घेईल? आपली पायरी ओळखण्याचा! तोच झाडू आज मुलीच्या, उद्या मुलाच्या आणि परवा गुरुजींच्या हाती आला, तर मात्र तो समतेचा धडा ठरतो. काम एकच, पाळीने त्याचा अर्थ पालटतो.

मधल्या खंडानंतर २००५ पासून सेवाग्रामात ‘आनंद निकेतन’ ही नयी तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली. सगळ्याच गावांनी मातीच्या शाळा बांधाव्यात, असे कोण म्हणेल? शाळा पक्की हवी, कोरडी हवी, उजेडाची हवी. तो मुलांचा हक्कच आहे. पण मुलांना पक्की इमारत देताना तिला जपण्याची पाळीही द्यावी आणि त्या पाळीतून कुणालाही, गुरुजींनासुद्धा, सूट नसावी. पाटीवर नाव एकाचे असेल; शाळा मात्र तिला हात लावणाऱ्या सर्वांची असते.