संख्येचा गुण कोणाचा?

एखादा गुण वस्तूच्या अंगचा, की आपण ती ज्या रीतीने मोजतो त्या रीतीचा, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी पुष्कळ चर्चिला आहे. मला तो प्रथम भेटला तो बीडकडील आमच्या खेड्यात, कडब्याच्या गंजीपाशी.

आजी पेंढ्या मोजीत होती. तिचे सारे मोजणे विसांचे. शेवटी ती म्हणाली, "चार विसा पंधरा." मी तेव्हा नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो. "अगं आजी, पंचाण्णव म्हण की!" असे म्हणून मी हसलो. ती काही बोलली नाही. परंतु पुढे माझ्यादेखत तिने कधी मोठ्याने मोजले नाही.

देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) ह्यांनी काही संख्यांस 'हर्षद' असे गोड नाव दिले. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद. १२ ही तशी आहे. कापरेकरांच्या नावाने प्रसिद्ध असलेली ६१७४ हीदेखील, कारण तिच्या अंकांची बेरीज १८, आणि अठराने भागता ३४३ येतात. ९५ मात्र हर्षद नव्हे. चौदाने तिला भाग जात नाही. पण आजीच्या रीतीने मांडून पाहा: विसांच्या घरी ४, एककांच्या घरी १५, बेरीज १९, आणि एकोणीस पाचे पंचाण्णव! तिच्या तोंडी जी संख्या हर्षद होती, तिचा हर्ष मी दुरुस्तीच्या भरात काढून घेतला होता. उलट ६१७४ विसांत मांडली तर घरे १५, ८ आणि १४ अशी येतात. त्यांची बेरीज ३७ आणि तिने भाग जात नाही. बिचारी १२ तर एका अष्टमान पद्धतीतच फसते, कारण तेथे ती एक आठ आणि चार अशी लिहावी लागते. कोणत्याही पद्धतीत हर्षदच राहतील अशा संख्या चारच: १, २, ४ आणि ६.

केंब्रिजचे हार्डी ह्यांनी १९४० साली असल्या गमतींस गंभीर गणितात स्थान नाकारले. ८७१२ ही २१७८ ची चौपट आहे, म्हणजे उलट्या अंकांची पट, ह्यात गणितज्ञाला काय मिळावयाचे, असा त्यांचा रोख होता. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. ९५ म्हणजे पाच गुणिले एकोणीस, हे कोणत्याही लिपीत खरेच राहते. हर्षदत्व तसे राहत नाही. तथापि विसांची रीत एकदा ठरली की ९५ चे हर्षदत्वही कोणाच्या लहरीवर राहत नाही. खोटेपणा शिरतो तो रीतीचे नाव सांगावयाचे राहिले म्हणजे. आपल्या हातांना दहा बोटे आहेत, हा संख्येचा गुण नव्हे.

आमच्या बीडने हे एकदा माणसांच्या बाबतीतही पाहिले आहे. १९४८ पर्यंत तेथे निजामाचे राज्य होते आणि कचेरीची भाषा उर्दू. मराठीत हिशेबी, चतुर असलेला कुणबी त्या कचेरीत अडाणी ठरे. आणि राज्य पालटल्यावर उर्दूत मुरलेल्या कारकुनावर तीच पाळी आली. दोघांपैकी कोणाचीही बुद्धी त्या सप्टेंबरात बदलली नव्हती. मी स्वतः तीस वर्षे उत्तरपत्रिकांवर गुण देत आलो आहे, आणि 'गुण' हा शब्द त्या आकड्यांस कोणी लावला असेल, असे अलीकडे वारंवार मनात येते.

आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्या दिवशी तिने पेंढ्या एकोणीस-एकोणिसांच्या पाच रांगांत लावल्या होत्या काय, हे मी पाहिलेच नाही.