घोड्याचा तोबरा आणि साहेबांची भाकर

स्कॉटलंड हा देश मी पाहिलेला नाही आणि पाहीन असेही वाटत नाही. बँकेच्या एल.टी.सी.वर आमची धाव फार तर कन्याकुमारीपर्यंत, आणि तीही सासुरवाडीची मंडळी बरोबर नसली तर. पण त्या देशाचे मुख्य धान्य गेली दोन वर्षे रोज सकाळी आठ वाजता माझ्या पोटात जात आहे. रक्तातली साखर आणि काउंटरवरची गर्दी या दोन्ही गोष्टी माझ्या आयुष्यात एकाच सुमारास वाढल्या. गर्दीवर औषध नाही. साखरेवर डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहून दिले, ओट्स.

माझा स्वभाव असा की, ताटात जे पडले त्याची कुळकथा कळल्याशिवाय घास उतरत नाही. ओट्सचा घास कुळकथा कळल्यावरही उतरत नाही, पण कथा मात्र नामी निघाली. १७५५ साली डॉ. जॉन्सन नावाच्या इंग्रज पंडिताने मोठा शब्दकोश काढला. ओट्स या शब्दापुढे त्याने अर्थ दिला तो असा की, हे धान्य इंग्लंडात घोड्याला घालतात आणि स्कॉटलंडात त्यावर माणसे पोसतात. गंमत पुढेच आहे. कोशाच्या कामासाठी त्याने जे सहा लेखनिक ठेवले होते, त्यांतले पाच स्कॉट होते! या पाच जणांविषयी मला जे वाटते ते फक्त कारकुनालाच वाटू शकेल. साहेबाने आपल्या वाडवडिलांची भाकर घोड्याच्या तोबऱ्यात घालायची आणि आपण ती सुवाच्य अक्षरात उतरवून 'सहीसाठी सादर' म्हणून पुढे सरकवायची. एका स्कॉट सरदाराने जॉन्सनला परस्पर उत्तर दिले म्हणतात. म्हणूनच इंग्लंडचे घोडे नावाजतात आणि स्कॉटलंडची माणसे, असे काहीसे. पण सरदाराला बोलायला काय जाते? त्याला पगारवाढ थोडीच हवी होती!

ही कथा मी मायला सांगितली. माय म्हणजे माझी आई, वय पंच्याहत्तरीच्या आसपास, शाळा दुसरीपर्यंत. तिने वाटीत बोट घालून चव घेतली आणि म्हणाली, "हे त कण्याच हायेत, बाबू. फक्त ताक नाही. त्यायच्याकडं गहू होत नसन." झाले! भूगोलाचे एक प्रकरण संपले. थंड, ओल्या आणि आखूड उन्हाळ्याच्या त्या डोंगराळ मुलखात गहू धड पिकत नाही, ओट्स पिकतात. हे मला तीन पुस्तके चाळून कळले होते. मग तिने भाव विचारला. तो ऐकल्यावर म्हणाली, "दोनशे रुपये किलोच्या कण्या? तुह्या डॉक्टरले सांग, आमी फुकट खाल्ल्या."

मायचे म्हणणे तपशिलातही खरे निघाले. स्कॉट माणूस ओट्सची कणी पाण्यात मीठ घालून शिजवी आणि लाकडी दांडक्याने घोटी. साखर घालणे म्हणजे बाटगेपणा. त्या आमच्या ज्वारीच्या कण्या. त्याच पिठाची जाड पोळी तव्यावर भाजली की ती त्यांची भाकर. ओट्सचा कोंडा दोन-चार दिवस भिजवून, आंबवून, गाळून त्याची पेज करीत. ती आपली आंबील. तिकडच्या शेतगड्याला मजुरीचा काही भाग ओट्सच्या पिठात मिळे, जसा आमच्याकडे गुढीपाडव्याला ठरलेल्या सालदाराला पैशाबरोबर ज्वारीचा माप ठरवून मिळे. आणि स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत सत्राच्या मध्यावर एका सोमवारी सुट्टी असे. कशासाठी? तर गरीब विद्यार्थ्यांनी घरी जाऊन पिठाचे पोते पुन्हा भरून आणावे यासाठी. हे वाचले आणि मला यवतमाळचा एस.टी. स्टँड आठवला. दारव्ह्याच्या गाडीने कंडक्टरच्या हवाली आलेला भाकरीचा डबा, त्यावर खडूने लिहिलेले नाव आणि तो घ्यायला उभा राहिलेला मी, बी.कॉम. प्रथम वर्ष. आमच्या विद्यापीठाने डब्यासाठी सुट्टी दिली नाही, एवढाच काय तो फरक!

मग त्यांचा तो हॅगिस. मेंढीचे काळीज आणि फुप्फुस बारीक करून, त्यात ओट्स, कांदा, चरबी आणि मसाला घालून, मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून उकडतात. थोडक्यात, ज्यांना मांडी परवडत नव्हती त्यांची वजडी. पण रॉबर्ट बर्न्स नावाच्या कवीने १७८६ साली या पदार्थावर चक्क एक स्तुतिपर कविता केली. (पुढे हा गृहस्थ अबकारी खात्यात नोकरीला लागला, म्हणजे आपल्यातलाच.) आज २५ जानेवारीला, त्याच्या वाढदिवशी, जगभरचे स्कॉट हॅगिस वाजतगाजत आणतात. पुढे बॅगपाइप, मागे ताट! मग कोणीतरी उभे राहून ती कविता म्हणतो आणि सुरी खुपसतो. यवतमाळात इतकी वजडी शिजते, पण तिच्यापुढे कोणी सनई वाजवल्याचे ऐकिवात नाही.

इथपर्यंत मला त्या लोकांचा हेवा वाटत होता. गरिबाच्या अन्नाची लाज न बाळगता त्याचा सण केला, याला मोठे मन लागते, असे मी मायला म्हणालो. ती निवडत होती ते तांदूळ तसेच ठेवून म्हणाली, "रोज तेच खात का त्ये?"

नाही. त्या जेवणावळीला वकील-डॉक्टर असतात, हॅगिसबरोबर व्हिस्की असते आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला दुसरे काही असते. ज्या शेतगड्याने सकाळ-संध्याकाळ पिठावर उकळते पाणी ओतून तोच गोळा वर्षानुवर्षे गिळला, त्याने त्यावर कविता केल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. इथे माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. रक्कम तीच असते, पण ती कोणत्या खात्यावर टाकली यावर सगळे ठरते. तीच भाकर, तीच कणी. एकाच्या वहीत ती 'नाइलाज' खात्यावर पडते, दुसऱ्याच्या वहीत 'हौस' खात्यावर. डॉक्टरांच्या दृष्टीने दोन्हींत तंतुमय पदार्थ सारखेच. पण दोन्ही नोंदी एक आहेत असे म्हणणाऱ्याला मी तरी ऑडिटला बसवणार नाही.

मायचे लग्न १९७१ चे. पुढच्याच वर्षी दुष्काळ. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली, मिलो म्हणत तिला. अमेरिकेत ती मुख्यतः जनावरांना घालतात हे मी मायला कधी सांगितलेले नाही. जॉन्सनचा कोश दुसऱ्यांदा कशाला उघडा? तिची भाकर थापताना तुटे आणि रंग विटकरीसारखा. मायने त्यानंतर संकल्प केला की, घरात पोळी आल्यावर पाहुण्याच्या ताटात भाकर वाढायची नाही. तो आजवर मोडलेला नाही.

आणि तिच्या बाजूने सरकारचीही साक्ष काढता येते. १९९५ साली महाराष्ट्रात झुणका-भाकर निघाली, एक रुपयाला. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा आला, त्यात तांदूळ तीन रुपये किलो, गहू दोन आणि भरड धान्य एक! (आता तिन्ही फुकट आहेत.) भाकर म्हटली की सरकारला एक रुपयाच का सुचतो, हा प्रश्न मी वरिष्ठांकडे पाठवणार होतो. पण तेवढ्यात धान्याचीच बढती झाली. २०१८ साली 'भरड'चे 'पौष्टिक' झाले आणि २०२३ साली 'श्री अन्न'. ते वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. आमच्याकडे बढती झाली की निदान बदली तरी होते. ज्वारीची बदली शेतातून थेट मॉलमध्ये झाली.

कारण शेतात ती उरली आहे कुठे? या जिल्ह्यातून कापूस न्यायला इंग्रज कंपनीने मूर्तिजापूरपर्यंत आगगाडी टाकली, ज्वारीसाठी कोणी बैलगाडीही जुंपली नाही. मी चुलतभावाला फोन केला, म्हटले, आता ज्वारीला मान आहे, एकरभर पेर. तो म्हणाला, "तू खातं म्हनून मी पेरू काय? एक एकर जवारी म्हंजे रोही-डुकरायची खानावळ. आन् मी सोता पोयी खातो, भाऊ." त्याचा मुलगा डब्यात भाकर न्यायला तयार नाही, पोरे हसतात. त्या पोराला मी बर्न्सची कविता वाचून दाखवावी काय?

आमचे शाखाधिकारी पुण्याचे. भल्या मनाचे, पण श्री अन्नाचे कट्टर. ते एका रविवारी घरी जेवायला आले. "आजींच्या हातची ज्वारीची भाकरी हवी, बाकी काही नको," असे त्यांनी आठवडाभर आधी बजावले होते. मी मायला तसे सांगितलेही. रविवारी ताटात पोळ्या, वरण-भात, वांग्याची भाजी आणि शिरा. साहेबांनी भीतभीत भाकरीचे नाव काढले, तर माय म्हणाली, "लाजू नोका साहेब, पोया लय हायेत. घ्या."

हात धुवायला साहेब आत गेले तेव्हा तिने मला कोपऱ्यात घेतले. "बाबू, पगार कमी हाये काय रे त्यायचा? भाकर मांगून रायले बिचारे." मी काही समजावण्याआधीच ती कोठीत गेली होती. निघताना तिने साहेबांच्या हातात पाच किलो गव्हाची थैली ठेवली, निवडून, वाळवून, वर कडुनिंबाचा पाला घातलेली.

साहेबांनी गहू सोडून सहा महिने झाले होते. पण त्यांनी थैली दोन्ही हातांनी घेतली, मायला वाकून नमस्कार केला, आणि गाडीच्या मागच्या सीटवर ती नीट आडवी ठेवली.